भाचा म्हणतोय क्रू चीफ व्हायचंय! नॅसकारमधल्या या कामाची माहिती हवी आहे

मंदार_कॉनकॉर्ड
नमस्कार मंडळी. मी अकरा वर्षं अमेरिकेत शार्लटजवळ कॉनकॉर्डला राहतो. नॅसकार म्हणजे इथली मोटार रेसिंगची मोठी मालिका. तिचा स्पीडवे घरापासून दहा मिनिटांवर, मे महिन्यात ६०० मैलांची रेस असते त्या रविवारी गाड्यांचा आवाज आमच्या मागच्या अंगणापर्यंत येतो. तरी पहिली चार-पाच वर्षं मी तिकडे फिरकलोसुद्धा नव्हतो. मग ऑफिसमधल्या एकाने ओढून नेलं आणि तेव्हापासून मी पक्का अडकलोय.

आता मूळ मुद्दा. माझा भाचा पुण्यात मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजची मुलं मिळून स्पर्धेसाठी छोटी रेसिंग कार बनवतात, त्या टीममध्ये आहे. दोन वर्षांपूर्वी सुट्टीत इकडे आला तेव्हा त्याला रेसला नेलं होतं, ते डोक्यात जे बसलं ते बसलंच. परवा त्याने घरी जाहीर केलं की मला नॅसकारमध्ये क्रू चीफ व्हायचंय. ताईचा लगेच फोन, "मंदार, तूच हे खूळ भरवलंस, आता तूच सांग, म्हणजे आयुष्यभर टायर बदलायचे का त्याने?"

मला रेस बघायला आवडते पण या कामाची आतली बाजू फारशी माहीत नाही. इथपर्यंत लोक पोचतात कसे, अजूनही मेकॅनिकमधून वर येतात का फक्त इंजिनिअर, आणि आयुष्यभर टिकेल असं हे काम आहे का? जाणकारांनी लिहा प्लीज. ताईला हा धागाच वाचायला देणार आहे.

लेफ्ट_टर्न
वा, इथे नॅसकारवर धागा येईल असं वाटलं नव्हतं! २००३ पासून बघतोय त्यामुळे जरा लांबण लागेल.

आधी ताईंसाठी. क्रू चीफ टायर बदलत नाही. तो त्या एका गाडीचा कारभारी असतो. गाडी कशी बांधायची, कुठल्या ट्रॅकला कुठल्या स्प्रिंगा, टायरमध्ये हवा किती, पिटमध्ये (ट्रॅकशेजारी टायर-पेट्रोलसाठी थांबायची जागा) कधी बोलवायचं, दोन टायर घ्यायचे की चार की नुसतं पेट्रोल, सगळं त्याच्या शब्दावर. रेस चालू असताना पिटच्या भिंतीमागे उंच खोक्यासारखी बैठक असते तिथून तो रेडिओवर ड्रायव्हरशी बोलत असतो. जिंकला तर फोटो ड्रायव्हरचा, हरला तर सोमवारी जाब क्रू चीफला.

भाच्याने चॅड क्नाउसचं करिअर नीट वाचावं. १९७१ चा जन्म, इलिनॉयमधल्या रॉकफर्डचा. वडील तिथल्या छोट्या ट्रॅकवर रेस करायचे आणि हा शाळेत असल्यापासून त्यांच्या गाडीखाली. १९९३ ला हेंड्रिकच्या टीममध्ये लागला, ड्रायव्हर जेफ गॉर्डनच्या २४ नंबरच्या गाडीवर. तिथे तो पत्र्याचं काम करायचा आणि रेसच्या दिवशी चक्क टायर बदलायचा (म्हणजे ताईंचा प्रश्न तसा अगदीच चुकीचा नाही). त्याच्या वरचा क्रू चीफ होता रे एव्हरनहॅम, त्याच्या हाताखाली हा तयार झाला. मग बाहेर पडून दुसऱ्या टीम्समध्ये काम केलं, २००१ ला मेलिंग नावाच्या लहान टीमचा क्रू चीफ झाला आणि २००२ ला हेंड्रिकने परत बोलावून नवी ४८ नंबरची गाडी आणि जिमी जॉन्सन नावाचा जवळपास नवखा ड्रायव्हर हातात दिला. पुढे २००६ ते २०१० सलग पाच चॅम्पियनशिप, मग २०१३, मग २०१६. सात! सलग पाच आजवर दुसऱ्या कोणालाच जमलेल्या नाहीत.

त्याच्या पुढे एकच माणूस, डेल इनमन, आठ. त्यातल्या सात त्याच्या नात्यातल्या रिचर्ड पेटी या ड्रायव्हरबरोबर आणि आठवी १९८४ ला टेरी लाबाँटीबरोबर.

पेठकर
रागवू नका पण मला या खेळाचं कौतुक कधी कळलंच नाही. चारशे फेऱ्या आणि सगळी वळणं डावीकडे. त्यात डोकं लावायला आहे काय? फॉर्म्युला वन बघा, तिथे इंजिनिअरिंग आहे.

आळेफाटा
पेठकर, आमच्याकडे घाटात बैलगाडा तर सरळच पळतो, वळणसुद्धा नाही. बारी काही सेकंदांत संपते. तरी कुठला बैल कोणाशेजारी जुंपायचा, पुढे घोडी कुठली, आज बैल तापलाय का, ह्याच्यावर वर्षभर गावात चर्चा असते. वाट सरळ असली की फरक बारीक गोष्टींनीच पडतो ना.

लेफ्ट_टर्न
आळेफाटा, एक नंबर! पेठकर, थोडं सविस्तर सांगतो.

ओव्हलवर (लंबगोल ट्रॅकवर) गाडीचे दोनच मोठे आजार. एक म्हणजे लूज, वळणात मागचा भाग बाहेर घसरतो. दुसरा टाइट, स्टिअरिंग वळवलं तरी पुढची चाकं ऐकत नाहीत आणि गाडी भिंतीकडे जाते. आता काही रेस उजेडात सुरू होतात आणि रात्री दिव्यात संपतात, जसा डांबराचा ट्रॅक थंड होतो तशी गाडीची पकड बदलते. टायर झिजतात, पेट्रोल जळून मागचं वजन कमी होतं. म्हणजे दुपारी दोनला बरोबर असलेली गाडी चारला बरोबर नसते. आणि गाडी पिटमध्ये थांबते दहा-बारा सेकंद, तेवढ्यात तुम्हाला करता येतं काय, तर मागच्या काचेतल्या भोकातून पाना घालून वेज अर्धा आटा फिरवणं, म्हणजे चार चाकांवरचा भार तिरका बदलतो, नाहीतर एखाद्या टायरची हवा अर्धा-एक पाउंड कमीजास्त करणं. बस. हे ठरवायचं कशावरून, तर ड्रायव्हर रेडिओवर ओरडतो त्यावरून. "तिसऱ्या वळणात शिरताना बरी आहे पण मधे गेल्यावर पुढून जातेय." एवढ्या वाक्याचं उत्तर आकड्यात द्यायचं. पुन्हा ट्रॅक प्रत्येक वेगळा, मार्टिन्सव्हिल अर्ध्या मैलाचा जवळपास सपाट, डेटोना अडीच मैलांचा आणि वळणं ३१ अंशात उभी.

उद्यमनगरी
हे वाचून राहवलं नाही म्हणून लिहितो. कोल्हापुरात उद्यमनगरात माझं गॅरेज आहे, वडिलांच्या वेळपासूनचं. नॅसकार मी मोबाईलवर बघितलंय तेवढंच. पण वरचं वाक्याचं आकड्यात उत्तर हे आमचं रोजचं काम आहे ओ. गिऱ्हाईक येतंय आणि सांगतंय, "गाडी जरा हाबकतीय", "दम लागतोय चढाला", "कायतरी बारीक वाजतंय पण तुमच्याकडं आणली की गप बसतंय." आता हाबकतीय म्हणजे क्लच का कार्ब्युरेटर का नुसता वायसर हे त्या माणसाला ओळखल्याशिवाय कळत नाही. एक गिऱ्हाईक थोडं झालं तरी बोंब मारतंय, दुसरं इंजिन हातात आल्याशिवाय बोलतच नाही. वडील म्हणायचे आधी माणूस बघ मग गाडी बघ. पोरगं हुशार असणार, पण त्याला गाडी चालवणाऱ्याचं ऐकून घ्यायची सवय आहे का ते विचारा मामा.

मंदार_कॉनकॉर्ड
उद्यमनगरी, तुमचा प्रतिसाद तसाच्या तसा भाच्याला पाठवला. थँक्यू!

सुलेखा
मी नवऱ्यामुळे थोडंफार बघते. तुम्ही क्नाउसचं एवढं कौतुक करताय पण एक बाजू सोडून दिलीत. २००६ ला डेटोना ५०० या रेसच्या आधी गाडीच्या मागच्या काचेत फेरफार सापडला म्हणून त्याला घरी पाठवलं, चार रेस बंदी. २००७ ला सोनोमाला पुढच्या फेंडरवरून सहा रेस आणि एक लाख डॉलर दंड. २०१२ ला परत डेटोनालाच, छताच्या मागच्या खांबांच्या आकारावरून. एखादा विद्यार्थी तीनदा कॉपी करताना सापडला तर त्याचं उदाहरण आपण मुलांना देतो का? भाच्याला हा आदर्श देताना ताईंना हेही कळू दे.

लेफ्ट_टर्न
सुलेखाताई, मुद्दा बरोबर आहे, मी लिहायला हवं होतं. फक्त दोन गोष्टी. २०१२ ची बंदी अपिलात रद्द झाली, दंड मात्र राहिला. आणि २००६ ला तो घरी बसलेला असताना डॅरियन ग्रब नावाच्या त्याच्या इंजिनिअरने गाडी सांभाळली आणि जॉन्सनने ती डेटोना ५०० जिंकली. म्हणजे टीम एका माणसाच्या लबाडीवर उभी नव्हती.

या खेळात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नियमात लिहिलेलं मोडणं ही एक. आणि नियमात जे लिहिलेलंच नाही तिथे जागा शोधणं ही दुसरी. जुन्या काळी डेटोनात स्मोकी युनिक नावाचा मेकॅनिक होता. पेट्रोलची टाकी किती मोठी ते नियमात होतं, पण टाकीपासून इंजिनपर्यंतच्या नळीबद्दल काहीच नव्हतं. त्याने दोन इंच जाडीची अकरा फूट लांब नळी टाकली, त्यातच जादा पेट्रोल मावायचं. १९९७ ला एव्हरनहॅमने शार्लटच्या ऑल स्टार रेसला टी-रेक्स नावाची गाडी आणली, तपासणीत पास झाली, गॉर्डनने रेस सहज मारली, आणि नॅसकारने सांगितलं की ही गाडी परत आणू नका. नियम मोडला नव्हता, नंतर नियमच बदलले.

सुलेखा
नळीवाल्याला मी हुशार म्हणेन. काच वाकवणाऱ्याला नाही म्हणणार. माझं मत तेच राहील.

आळेफाटा
ताईंशी सहमत. आमच्याकडे पण बैलाला काय काय देणारे असतात, त्यांना गावात मान नसतो.

मंजिरी_मूर्सव्हिल
खूप उशिरा वाचला धागा. मी नागपूरची, शार्लटच्या विद्यापीठात मास्टर्स केलं (तिथे मोटरस्पोर्ट्सचे वेगळे विषय घेता येतात) आणि नंतर चार वर्षं एका टीमच्या वर्कशॉपमध्ये सिम्युलेशनचं काम केलं. टीमचं नाव लिहीत नाही. आता बाहेर आहे. भाच्यासाठी सगळं खरं खरं लिहिते.

मेकॅनिक की इंजिनिअर? क्नाउसच्या पिढीत हाताने काम करत वर यायचे. स्टीव्ह लेटार्ट शाळेत असताना हेंड्रिकच्या वर्कशॉपमध्ये झाडू मारायला लागला होता आणि २००५ ला सव्विसाव्या वर्षी जेफ गॉर्डनचा क्रू चीफ झाला. आज तो रस्ता अरुंद झालाय. आता बहुतेक जण आधी गाडीचे रेस इंजिनिअर असतात मग क्रू चीफ, ॲडम स्टीव्हन्स, क्लिफ डॅनियल्स वगैरे. कारण सराव जवळजवळ उरलाच नाही, कित्येक रेसना वीस-पंचवीस मिनिटं मिळतात. गाडी ट्रकमधून उतरते तेव्हाच बरोबर असावी लागते आणि ते आठवडाभर कॉम्प्युटरवर ठरतं. २०२२ पासून नवीन गाडी आली तिचे बहुतेक भाग ठरलेल्या पुरवठादारांकडून जसेच्या तसे घ्यायचे, त्यामुळे पत्रा वाकवायची कला गेली. तपासणीही कॅमेऱ्यांनी होते, गाडीचा आकार स्कॅन करून. सुलेखाताईंना बरं वाटेल.

पण पदवी असूनही न जमणारे मी बघितले. आमच्याकडे एक मुलगा होता, गणितात कोणी हात धरणार नाही असा. ड्रायव्हर म्हणायचा गाडी लूज आहे, हा स्क्रीन बघून म्हणायचा नाही, आकडे तर टाइट दाखवतात. आकडे खोटे नव्हते! वळणात शिरताना पुढची चाकं घसरायची, मग ड्रायव्हर जास्त स्टिअरिंग मारायचा, आणि बाहेर पडताना पकड एकदम यायची तेव्हा मागचं सुटायचं. त्याला जाणवायचं ते शेवटचं. दोघंही खरं बोलत होते. उद्यमनगरीदादांच्या वडिलांनी ते पाच मिनिटांत ओळखलं असतं.

आणि काळ. सीझन फेब्रुवारी ते नोव्हेंबर, पॉइंट्सच्या ३६ रेस. गुरुवार-शुक्रवार ते रविवार बाहेर, सोमवारी सकाळी मागच्या रेसची मीटिंग, मंगळवारी पुढची गाडी. माझ्या चार वर्षांतल्या तीन दिवाळ्या मी फराळाचा डबा डेस्कवर उघडून केल्या. मी तर फक्त वर्कशॉपमध्ये होते, क्रू चीफचं तर घरच ट्रॅकवर. क्नाउससुद्धा २०२० च्या सीझननंतर पिटमधून उतरून हेंड्रिकमध्ये वरच्या पदावर गेला, घरी लहान मुलगा होता आणि त्याला वेळ द्यायचा होता.

नोकरीच्या भरवशाबद्दल २०११ आठवा. वर ज्या डॅरियन ग्रबचं नाव आलंय तो तेव्हा टोनी स्टुअर्ट या ड्रायव्हरचा क्रू चीफ. त्याला प्लेऑफ (चॅम्पियनशिप ठरवणाऱ्या शेवटच्या दहा रेस) चालू असतानाच सांगितलं होतं की पुढच्या वर्षी तू नाहीस. त्याने शेवटच्या दहापैकी पाच रेस जिंकवून दिल्या, पॉइंट कार्ल एडवर्ड्स या दुसऱ्या ड्रायव्हरशी बरोबर झाले आणि जास्त विजयांवर चॅम्पियनशिप मिळाली. तरी त्याला जावं लागलं. ताईंना हे वाचायला द्याच.

पेठकर
मंजिरी, जे शिरताना टाइट आणि निघताना लूज लिहिलंत ते दोनदा वाचलं. माझं पहिलं मत घाईचं होतं, मागे घेतो. पण मला हे सांगा, पिटमधली माणसं पण इंजिनिअर असतात का?

लेफ्ट_टर्न
नाही, ते खेळाडू असतात! हीपण एव्हरनहॅमच्याच काळातली गोष्ट. आधी जे मेकॅनिक आठवडाभर गाडी बांधायचे तेच रविवारी पिटमध्ये उड्या मारायचे. एव्हरनहॅमने स्टॅनफर्डला फुटबॉल खेळलेल्या एका माणसाला पिट क्रूचा कोच म्हणून आणलं, व्यायाम, रोजचा सराव, व्हिडिओ बघून चुका काढणं सुरू झालं. आता भिंतीवरून पाचच जण जातात. पेट्रोलचा ११ गॅलनचा कॅन भरला की चाळीस किलोच्या आसपास जातो, तो घेऊन पळायचं. पूर्वी चाकाला पाच नट होते, आता मधे एकच. २०२२ ला तर रेसमध्ये चाक निखळलं की क्रू चीफलाही चार रेस बाहेर बसवायचे, म्हणजे नट दुसऱ्याने सैल ठेवला तरी.

त्या आधी ६० च्या दशकात वुड ब्रदर्स नावाची टीम. त्यांचे पिट स्टॉप इतके झटपट की १९६५ ला इंडियानापोलिस ५०० मध्ये जिम क्लार्कच्या लोटसला पेट्रोल भरायला त्यांना बोलावलं आणि क्लार्क जिंकला. आणि पेठकर खास तुमच्यासाठी, २०२३ ला नॅसकारची गाडी फ्रान्समधल्या ले मान्सच्या २४ तासांच्या रेसला गेली, तो प्रकल्प क्नाउसच्या हाताखाली होता. तिथल्या पिट स्टॉपच्या स्पर्धेत बाकीच्यांच्या गाड्या हवेच्या जॅकवर आपोआप उचलल्या जातात आणि हे हातातला जॅक घेऊन पळाले, तरी जीटी गटात पहिले आले. त्या गाडीत जॉन्सनबरोबर तुमच्या फॉर्म्युला वनचा जेन्सन बटन होता.

खमंग_काकडी
फार विषयांतर करत नाही पण मार्टिन्सव्हिलचा हॉट डॉग कोणी खाल्लाय का? लालभडक असतो. आणि आपला नारायण कार्तिकेयन २०१० ला नॅसकारच्या ट्रक सीरिजमध्ये होता, पहिली रेस मार्टिन्सव्हिललाच, तेराव्या नंबरवर आला होता. त्या वर्षी लोकांच्या मतांनी सगळ्यात लोकप्रिय ड्रायव्हर पण तोच. तेव्हा भारतीय माणूस तिथे अगदीच नवीन नाही.

मंजिरी_मूर्सव्हिल
खाल्लाय! आम्ही बरोबर ठेचा नेला होता, त्याने सुधारला.

सुलेखा
माझ्या नवऱ्याचा प्रश्न, क्नाउस आणि जॉन्सन सतरा वर्षं एकत्र राहिले कसे? आमच्याकडे कारमध्ये रस्ता सांगताना सतरा मिनिटांत वाजतं.

लेफ्ट_टर्न
वाजलं होतंच की त्यांचं पण. २००५ च्या सीझनअखेर वेगळं व्हायची वेळ आली होती. मालक रिक हेंड्रिकने दोघांना ऑफिसात बोलावलं आणि समोर काय ठेवलं तर दूध आणि बिस्किटं, मिकी माउसच्या ताटल्यांत. पोरांसारखं भांडायचं असेल तर पोरांसारखं बसून दूध प्या आणि एकमेकांशी बोला. दोघांनी तिथे मनातलं सगळं काढलं. पुढच्याच वर्षी पहिली चॅम्पियनशिप आणि मग ओळीने पाच.

पण तो मऊ माणूस नव्हता हं. २०१० ला टेक्ससला त्याचा पिट क्रू वेळ घालवत होता, चॅम्पियनशिप हातातून चाललेली. त्याच रेसमध्ये गॉर्डनची गाडी अपघातात बाद झाली आणि त्याचा क्रू मोकळा झाला. क्नाउसने रेस चालू असताना स्वतःची माणसं बाजूला बसवली आणि गॉर्डनची घेतली. उरलेल्या दोन रेससुद्धा तीच माणसं, आणि चॅम्पियनशिप मिळाली.

उद्यमनगरी
हे मला नाही पटलं. वर्षभर राबलेल्या पोरांना सगळ्यांसमोर बाजूला करायचं? मी माझ्या पोराला गिऱ्हाइकासमोर बोलत नाही. आत नेऊन बोलतो.

मंजिरी_मूर्सव्हिल
दादा, वर्कशॉपमध्ये यावर आम्हीपण तासन्‌तास भांडलोय. मी त्या पोरांच्या बाजूने होते आणि आजही आहे. पण क्रू चीफला तो निर्णय काही मिनिटांत घ्यायचा होता आणि दुसऱ्या दिवशी त्याच पोरांना तोंड दाखवायचं होतं, हेही तितकंच खरं. भाच्याने स्वतःला हे विचारावं की असं काही करायची वेळ आली तर मी करेन का. पदवी वगैरे नंतर बघता येईल.

मंदार_कॉनकॉर्ड
तीन दिवसांनी परत आलोय. सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं.

ताईने सगळं वाचलं. तिला २०११ चा किस्सा वाचून धडकी भरली पण दूध-बिस्किटं फार आवडली, म्हणाली मालक चांगला दिसतोय. तिचं म्हणणं, आधी पदवी पूर्ण कर, मग मास्टर्सचं बोलू. विरोध गेला म्हणायला हरकत नाही.

भाच्याशी रात्री तासभर बोललो. मंजिरीताईंचा तो स्क्रीनवाला मुलगा वाचून तो जरा गप्पच झाला. मग म्हणाला, "मामा, आमच्या टीममध्ये गाडी चालवते ती मुलगी दरवेळी सांगते की ब्रेक मारला की गाडी डावीकडे ओढते, आणि आम्ही तिला दरवेळी सांगतो की डेटामध्ये काही दिसत नाही." काल त्यांनी गाडी परत उचलली. पुढच्या उजव्या चाकाचा ब्रेक कॅलिपर अडकत होता, उजवीकडे ब्रेक कमी लागत होता. महिनाभर तिचं कोणी ऐकलं नव्हतं. आजपासून तिच्या प्रत्येक फेरीनंतर ती बोलेल ते तिच्याच शब्दांत वहीत लिहून घ्यायचं काम याने स्वतःकडे घेतलंय.

मंजिरीताई, तो सुट्टीत इकडे आला की एकदा भेटाल का? मे महिन्यातल्या ६०० ला सगळे मिळून जाऊ. तिथे स्कॅनर भाड्याने मिळतो, हेडफोन लावून कुठल्याही गाडीचा रेडिओ ऐकता येतो, ते मी बघतो. ठेचा तुमच्याकडे.

मंजिरी_मूर्सव्हिल
नक्की. येताना त्याला ती वही घेऊन यायला सांगा.

उद्यमनगरी
कॅलिपरची पिन साफ करून ग्रीस लावा म्हणावं, आणि त्या पोरीला विचारा आता कसं वाटतंय.